चार-सतराचा रिकामा रकाना

नेव्याना काराजोवाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर तिच्याच टपोऱ्या अक्षरात दोन प्रश्न होते. ‘पहिलं म्हणजे कशातलं पहिलं?’ आणि ‘रिकामं म्हणजे खरंच रिकामं का?’ फळसंशोधन केंद्रात नव्यानं लागलेली माणसं तो कागद वाचून गालातल्या गालात हसायची. बाईला उतारवयात अध्यात्माची लागण झालीय, असं त्यांना वाटायचं. महिनाभरात हसू मावळायचं, कारण तोवर प्रत्येकानं एकदा तरी चुकीचा तक्ता नेऊन तिच्याकडून बोलणी खाल्लेली असायची.

अध्यात्माशी तिचा काडीचा संबंध नव्हता. केंद्राच्या टेकडीवर चेरीची आणि आलुबुखाराची तीन हजारांवर झाडं होती आणि प्रत्येकाला क्रमांक होता. चार-सतरा म्हणजे चौथ्या रांगेतलं सतरावं झाड. झाड फळावर आलं की दरवर्षी त्याची वहीत एक ओळ लिहायची. लागवड कधीची, कलमाचा खुंट कुठला, फुलोरा कधी आला, फळाचं वजन किती, निवड कोणी केली, असे बारा रकाने. पण जे एकदा लिहिलं ते पुन्हा लिहायचं नाही, असा तिथला जुना शिरस्ता. लागवडीची तारीख पहिल्या वर्षी लिहिली की पुढची वीस वर्षं तो रकाना कोरा. म्हणजे एका झाडाच्या वीस ओळी आणि त्यातले निम्मेअधिक रकाने रिकामे.

या सगळ्या वह्या कॉम्प्युटरमध्ये घालून प्रत्येक झाडाची एकच ओळ करायची, हे नेव्यानाचं काम. पद्धत सांगायला सोपी होती. एका झाडाच्या सगळ्या ओळी एकत्र करायच्या, तारखेप्रमाणे लावायच्या, मग एकेका रकान्यात वरून खाली यायचं. रिकामं दिसलं की पुढं जायचं आणि पहिलं भरलेलं जे सापडेल ते उचलायचं. करायला बसलं की मात्र घाम फुटायचा. आधी क्रम लावला नाही तर ‘पहिलं’ या शब्दाला काहीच अर्थ उरत नाही. कुणी रकान्यात नुसतीच मोकळी जागा टाइप करून ठेवलेली असते, ती डोळ्याला रिकामी आणि यंत्राला भरलेली. कुणाची आडवी रेघ म्हणजे ‘वरच्यासारखंच’, तर कुणाची ‘मी ते झाड पाहिलंच नाही’. कुठली रेघ कुणाची, हे साऱ्या केंद्रात एकट्या नेव्यानाला अक्षरावरून कळायचं.

मुळात ती कॉम्प्युटरवाली नव्हेच. डोंगरातल्या स्लिवोवो नावाच्या खेड्यात जन्मलेली. आई डबाबंद फळांच्या कारखान्यात बिया काढायला जायची. शेतकी शाळा करून, इथंतिथं नोकऱ्या करून नेव्याना पस्तिशीला आल्यावर १९९३ साली या केंद्रात लागली ती चेरीच्या बागेत निरीक्षक म्हणून. पंधरा वर्षं शिडी खांद्यावर टाकून ती रांगारांगांतून हिंडली, पहिली पाच दुसऱ्यांच्या हाताखाली, पुढं स्वतःची वही घेऊन. लग्न ठरता ठरता दोनदा मोडलं. एकदा त्यानं मोडलं, एकदा हिनं. दुसऱ्या वेळी तो म्हणाला होता, “तुला माझ्यापेक्षा झाडं जास्त ओळखतात.” त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तिनं वादही घातला नाही.

तिच्या आयुष्यात सांगण्यासारखी गोष्ट घडली ती १९९८ च्या जूनमध्ये. चेरी पिकायला आली आणि तीन दिवस पावसानं झोडपलं. पिकत्या चेरीवर पाऊस पडला की फळ पाणी पितं आणि साल तडकते. चौथ्या दिवशी नेव्याना बागेत गेली तर सगळ्या रांगा तडकलेल्या, खाली घोंगावणाऱ्या माश्या. चौथ्या रांगेत सतराव्या झाडापाशी ती थांबली. त्या झाडावर एकही फळ फुटलेलं नव्हतं. तिनं शंभर फळं मोजून पाहिली, मग दुसऱ्या फांदीवरची शंभर. मग ती शिडीवरच बसून राहिली, आणि खाली उतरून वहीत लिहिलं: ‘४-१७. पावसानंतर तडा नाही. वेगळं काढावं.’

पुढची दहा वर्षं तिनं ते झाड तळहातावरच्या फोडासारखं जपलं. त्याच्या काड्यांची कलमं केली, ती दुसऱ्या उतारावर लावून पाहिली, दर मार्चला वसंताच्या स्वागताचा लाल-पांढरा दोरा सर्वांत आधी त्याच्या फांदीला बांधला. चेरीचा नवा वाण सिद्ध व्हायला वीस वर्षं लागतात. घाई करून भागत नाही. २००८ साली तिचा गुडघा गेला, शिडी सुटली, आणि तिला आत कॉम्प्युटरच्या खोलीत बसवण्यात आलं. बाग डॉक्टर स्तामेन पाशोव यांच्या ताब्यात गेली.

या पाशोवबद्दल थोडं सांगायला हवं. माणूस हुशार, कपडे इस्त्रीचे, बागेत जाताना बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवणारा. त्यानं आल्या आल्या वह्यांऐवजी छापील तक्ते आणले, आणि त्यात ‘निवड कोणी केली’ या रकान्यात प्रत्येक ओळीत विभागप्रमुखाचं नाव छापूनच आलं. म्हणजे त्याचं. नेव्यानानं तेव्हा विचारलं, तर तो गोड हसून म्हणाला, “ताई, छापखान्याची चूक आहे, पुढच्या वर्षी काढू.” पुढचं वर्ष दहा वर्षांत उगवलं नाही. तिनं मनावर घेतलं नाही. आधीच्या अकरा वह्यांच्या पुठ्ठ्यावर तिचं नाव होतं, आणि पहिलं म्हणजे पहिलं.

पण त्या वह्यांच्या आत, ओळींमध्ये, तिचं नाव कुठंच नव्हतं. केंद्रातली आणखी एक रीत अशी की आपल्या वहीत आपलं नाव कुणी ओळीत लिहायचं नाही. वही माझी, तर निवड माझीच, त्यात सांगायचं काय? ओळीओळीला स्वतःचं नाव लिहिणाऱ्याला जुने लोक नाकानं कांदे सोलणारा म्हणायचे. म्हणून वह्या कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं, त्या दिवशी नेव्यानानं टाइप करणाऱ्यांना बजावून सांगितलं होतं: पुठ्ठ्यावरचं नाव त्या वहीतल्या प्रत्येक ओळीत घालायचं.

टाइप करणाऱ्या तिघी होत्या. नेव्यानाच्या अकरा वह्या झिव्का मारिनोवाकडे गेल्या, आणि नेव्यानाला त्याचं बरंच वाटलं. झिव्का तिची बावीस वर्षांची मैत्रीण. आता समोरासमोर टेबलं, एकाच बरणीतली कॉफी, आणि रोज संध्याकाळी झिव्काच्या खटारा गाडीतून दोघी घरी. झिव्काचा नवरा वारला तेव्हा नेव्याना चाळीस दिवस तिच्याकडे झोपायला होती. झिव्काच्या मुलाला, बोयानला, गणित नेव्यानानं शिकवलं. आता तो तीस वर्षांचा होऊन केंद्रातच कंत्राटावर होता, आणि ते कंत्राट दरवर्षी पाशोवच्या सहीनं वाढायचं.

तक्ता तयार झाल्यावर तपासणी आली. तिथंही एक रीत होती आणि ती नेव्यानानंच घातलेली: आपली झाडं आपण तपासायची नाहीत. माणूस स्वतःच्या चुकीला आंधळा असतो, असं तिचं म्हणणं. त्यामुळं तिची झाडं झिव्कानं तपासली. “सगळं ठीक आहे गं, सही कर,” झिव्का म्हणाली, आणि नेव्यानानं संपूर्ण तक्त्याखाली सही केली. सही झाली की जुन्या वह्या रद्दीत जात. मार्चमध्ये ट्रक आला आणि पंचवीस वर्षांच्या वह्या कागदाच्या लगद्याला गेल्या.

मेच्या शेवटी नव्या वाणांची यादी केंद्राच्या फळ्यावर लागली. चार-सतराला नाव मिळालं होतं, ‘स्तामेनका’. निवडकर्ता: डॉ. स्तामेन पाशोव. स्वतःचं नाव लावायचं म्हटलं तरी माणसं थोडी लाज ठेवतात. यानं तीही ठेवली नव्हती.

नेव्याना फळ्यासमोर उभी राहिली आणि पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते असं की ओळींचा क्रम चुकला असेल. आपल्याला गंडवलं गेलंय हे तिच्या डोक्यातच आलं नाही. कुठंतरी तारीख उलटी लागली, एवढंच तिला वाटलं. ती खोलीत गेली, चार-सतराच्या एकवीस ओळी उघडल्या. क्रम अचूक होता. १९९८ ते २००८, अकरा ओळी, ‘निवड कोणी केली’ रिकामा. २००९ ला पाशोव. नियमानं अकरा रिकामे रकाने ओलांडून पहिलं भरलेलं उचललं होतं. तिनंच शिकवल्यासारखं.

तिनं तिच्या इतर झाडांच्या ओळी काढल्या. साठ झाडं, सहाशे साठ ओळी, सगळ्यात तो रकाना रिकामा. मग दुसऱ्या निरीक्षकांच्या वह्या पाहिल्या. तिथं पुठ्ठ्यावरची नावं ओळीओळीत नीट भरलेली होती.

कॉम्प्युटर दर आठवड्याला जुनी प्रत बाजूला ठेवायचा आणि सहा महिन्यांनी पुसायचा. जून नुकताच लागला होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याची प्रत पुसली जायला दोन दिवस उरले होते. तिनं ती उघडली. सहाशे साठ ओळींत स्पष्ट लिहिलेलं: नेव्याना काराजोवा, नेव्याना काराजोवा, खाली खाली तेच. पुढच्या आठवड्याच्या प्रतीत एकही नाव नाही. बदल चौदा डिसेंबरचा. बदल करणाऱ्याच्या नावापुढं ‘झि. मारिनोवा’. या नोंदीही सहा महिन्यांनी पुसल्या जायच्या.

नेव्याना बराच वेळ त्या तारखेकडे बघत बसली. चोवीस डिसेंबरला, म्हणजे दहाच दिवसांनी, त्या दोघींनी झिव्काच्या स्वयंपाकघरात मिळून भोपळ्याचं सारण भरलेला पापुद्रेदार बानित्सा भाजला होता. झिव्का हसत होती. बोयानचं कंत्राट वाढलं म्हणून वाइनही उघडली होती आणि नेव्यानानं त्याच्या नावानं पेला उचलला होता. पाशोवनं केलं असतं तर तिला राग आला असता. हे कळल्यावर तिला राग यायच्या आधी थंडी वाजली.

तिनं ती प्रत एका पेन ड्राइव्हवर घेतली आणि नव्या वाणांना मान्यता देणाऱ्या समितीकडे हरकत लिहून पाठवली. समितीनं मंगळवार, अठरा जूनला केंद्रात येऊन सगळ्यांना ऐकायचं ठरवलं. आता ही बाई, जी दोन प्रतींशिवाय कुठलं काम करत नसे, तिनं या वेळी एकच प्रत ठेवली. केंद्राच्या कॉम्प्युटरवर ठेवावी तर पाशोवच्या नजरेला पडणार, आणि घरी तिच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. सोमवारी गावातल्या दुकानात छापून घेऊ, असं तिनं ठरवलं.

पण त्याआधी रविवारी ती झिव्काकडे गेली. कुणी विचारेल की कशाला गेली? बावीस वर्षांची सवय. झिव्का ओसरीवर बसून केसाच्या पिनेनं चेरीच्या बिया काढत होती. कोपरापर्यंत हात लाल. नेव्यानानं समोर बसून पेन ड्राइव्ह ताटाशेजारी ठेवला.

“यात डिसेंबरची प्रत आहे,” ती म्हणाली. “नावं होती, झिव्का. तू घातली होतीस. मग तूच काढलीस.”

झिव्कानं पिन खाली ठेवली. आधी ती म्हणाली की तिला आठवत नाही. मग म्हणाली की मशीन बिघडलं असेल. मग पदरानं तोंड झाकावं तसं तिनं एप्रन तोंडावर घेतला आणि रडायला लागली.

“पाशोवनं मला खोलीत बोलावलं गं. म्हणाला, मारिनोवाबाई, पुठ्ठ्यावरची नावं ही काही माहिती नव्हे, रकान्यात नसेल ते रिकामंच ठेवायचं. आणि त्याच वाक्यात म्हणाला, बोयानचं काय करायचं बघू या. त्याच वाक्यात, नेव्याना! मी काय करणार होते?”

“माझ्याकडे यायचंस.”

“आले असते तर तू भांडली असतीस. तुझा स्वभाव मला माहीत नाही का? मग बोयान गेला असता.”

नेव्याना खरंच भांडली असती.

झिव्कानं नाक पुसलं. “मी सांगते मंगळवारी. सगळं सांगते. माझ्या तोंडून येऊ दे, एवढी तरी लाज राखू दे माझी. पण तू हे घेऊन आलीस,” तिनं पेन ड्राइव्हकडे बोट केलं, “तर लोक म्हणतील, मारिनोवाबाई पकडली गेली. कबूल केलं असं कोण म्हणेल? तू हे माझ्याकडे दे. मीच त्यांच्यापुढं ठेवीन.”

तिचे डोळे सुजले होते. बावीस वर्षांत नेव्यानानं तिला असं रडताना दोनदाच पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा ते खरं होतं. तिनं पेन ड्राइव्ह झिव्काच्या चेरीनं माखलेल्या हातात दिला. झिव्कानं तिला जबरदस्तीनं चेरीची एक बरणीही दिली. घरी जाताना नेव्यानाला हलकं वाटत होतं. तिनं मनातल्या मनात झिव्काला माफही करून टाकलं. सोमवारी ती छपाईच्या दुकानाकडे फिरकली नाही. आता छापायला होतं काय?

मंगळवारी समितीची तीन माणसं आली. अध्यक्षबाई केस बारीक कापलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, फालतू बोलणं न खपवून घेणाऱ्या. नेव्यानाला त्या पाहताक्षणी आवडल्या. पाशोवनं आपलं म्हणणं सांगितलं: तक्ता नियमानुसार आहे, क्रम बरोबर आहे, आणि खाली तपासून पाहिल्याची सही खुद्द काराजोवाताईंची आहे. “नियमही त्यांचाच,” तो म्हणाला, आणि तिच्याकडे पाहून मान लववली. ताईंबद्दल आपल्या मनात केवढा आदर आहे, हेही त्यानं सांगितलं.

मग झिव्काला बोलावलं. तिनं निळं जाकीट घातलं होतं, नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला घालते ते.

“त्या अकरा वह्या तुम्ही टाइप केल्या?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“हो.”

“पुठ्ठ्यावर निरीक्षकाचं नाव होतं?”

नेव्याना तिच्याकडे पाहत होती. झिव्कानं तिच्याकडे पाहिलं नाही.

“नाही,” झिव्का म्हणाली. “पुठ्ठे कोरे होते.”

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. नेव्याना उभी राहिली. “जुनी प्रत आहे,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. “डिसेंबरची. तीत माझं नाव सहाशे साठ वेळा आहे. ती मी परवा झिव्काकडे दिलीय.”

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. “मारिनोवाबाई, यांनी तुम्हाला काही दिलं?”

“दिलं.” झिव्कानं पर्स उघडली आणि पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. पुसून स्वच्छ केलेला, चेरीचा डाग नसलेला. “मला म्हणाल्या यात पुरावा आहे. मी घरी बोयानच्या कॉम्प्युटरला लावून बघितलं. यात काही नव्हतं. रिकामा होता.”

समितीतल्या एका माणसानं तो लावून पाहिला. रिकामाच होता. अध्यक्षबाईंनी नेव्यानाकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत मघाचा कडकपणा नव्हता. निवृत्तीला आलेल्या, हातून काम निसटत चाललेल्या बाईकडे पाहतात तशी कीव होती. तिला काही बोलायचंय का, असं त्यांनी मऊ आवाजात विचारलं. नेव्याना नाही म्हणाली. वाण ‘स्तामेनका’च राहिला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं आटोपलं होतं.

ती फाटकाबाहेर आली तेव्हा झिव्काची गाडी नेहमीच्या जागी, अक्रोडाखाली उभी होती. काच खाली. झिव्का आत बसलेली, दोन्ही हात चाकावर.

“बस,” झिव्का म्हणाली. “उन्हात किती चालशील त्या गुडघ्यानं.”

नेव्यानानं दार उघडलं, पण ती बसली नाही. दाराला धरून वाकली. “तू रविवारी खरंच रडत होतीस?”

“खरंच,” झिव्का म्हणाली. “मी सांगणारही होते. सोमवारी त्यानं बोयानला बोलावलं. कायमची नोकरी म्हणाला. कागद तयार आहे म्हणाला.” मग तिनं मान वळवून नेव्यानाकडे पाहिलं, आणि तिच्या आवाजात दुष्टपणा अजिबात नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “तू चार महिन्यांनी घरी बसणार. ना नवरा, ना मूल. त्या नावाचं तू करणार काय होतीस गं? कोण आहे तुझ्यामागं ते सांगायला? एकट्या बाईला नाव काय करायचंय?”

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. समितीसमोर नेव्यानाचे डोळे कोरडे होते, पण आता तिला समोरचं नीट दिसेना. चार-सतरा गेलं याचं दुःख होतंच. ते तिला मरेपर्यंत पुरलं असतं. पण बावीस वर्षं आपल्याबरोबर कॉफी पिऊन ही बाई आपल्याकडे अशा नजरेनं पाहत होती, हे तिला ठाऊक नव्हतं.

“मूल नाही, हे खरं,” ती म्हणाली. “पण मी एकटी आहे असं मला कधी वाटलं नव्हतं, झिव्का. तू होतीस ना.”

नेव्यानानं गाडीचं दार हळूच लावून घेतलं आणि लंगडत उताराच्या रस्त्याला लागली.